पापांचा प्रश्न

आमचे पापा, ऑस्बर्न, कॅरिबियनमधल्या डोमिनिका बेटावर, डोंगरउताराला केळी लावायचे. शाळा चौथीतच सुटलेली. आई, जिला आम्ही मामा म्हणतो, ती मात्र गावच्या शाळेत शिकवायची, त्यामुळे दर शुक्रवारी संध्याकाळी घरात प्रश्नांचा खेळ ठरलेला. एक प्रश्न शाळेचा, एक घरचा. ब्राझीलची राजधानी कोणती? पाद्रीबाबांच्या कोकोच्या चहात साखरेऐवजी मीठ कुणी घातलं? शाळेच्या प्रश्नाला पापा छातीठोक उत्तर द्यायचे आणि मामा बोट वर करून म्हणायची, "चूक." मिठाचं उत्तर तेवढं बरोबर यायचं, कारण मीठ त्यांनीच घातलं होतं.

नऊ वर्षं केळी विकून त्यांनी घर बांधलं, छपराचे पत्रे स्वतः ठोकले. "पत्रे किती?" हा घरचा कायमचा प्रश्न. मामा म्हणायची, "बावीस. आणि अंगठ्यावर हातोडे चव्वेचाळीस."

मी बारा वर्षांची असताना शुक्रवारीच वादळ आलं. पापांनी वाशाला जाड दोर बांधला, त्याचे दोन वेढे मनगटाला घेतले आणि खोलीच्या मधोमध पाय रोवून उभे राहिले. छप्पर वाऱ्याने उचललं जायला लागलं की आमच्याकडे माणूस ते असं खाली ओढून धरतो.

"चला, खेळ सुरू," मामा म्हणाली. पण वाऱ्यात ते जेमतेम ऐकू आलं. सहा वर्षांची थीया मला घट्ट चिकटली होती. मला तर सात त्रिक किती तेही आठवेना, इतकी भीती वाटत होती. तेवढ्यात कोपऱ्यातला एक पत्रा करकरला आणि उडाला. तिथून पाऊस थेट आत यायला लागला.

"बाई, आता मी विचारतो," पापा ओरडले. चिडवायचं असलं की ते मामाला बाई म्हणत. "थीया, बावीसातून एक गेला. किती?"

"एकवीस," ती रडत म्हणाली.

"शाब्बास. अठरा झाले की तुम्ही तिघींनी न्हाणीत पळायचं."

सिमेंटचा स्लॅब फक्त न्हाणीवर होता. आम्ही वर बघत मोजत राहिलो. वीस. एकोणीस. पापांचे पाय वीतभर उचलले जायचे, पुन्हा खाली टेकायचे. मग अठरा.

मामाने आम्हा दोघींना न्हाणीत ढकललं आणि स्वतः दारात थांबली. पापांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, ते तेव्हा पाहिलं.

"थीया, शेवटचा प्रश्न. घरात माणसं चार. तिघी न्हाणीत गेल्या. बाहेर किती?"

"एक."

"चूक," मामा म्हणाली. ती तशीच दोरापाशी गेली आणि मनगटावरचे वेढे सोडवायला लागली.

"अगं, छप्पर जाईल."

"जाऊ दे. परत ठोकशील. हात ढिला सोड."

मामाने त्यांना ओढत न्हाणीत आणलं, दार लावलं आणि बाहेर सगळं छप्पर एकदम गेलं. पापा ओल्या फरशीवर बसले होते. मामाने त्यांचं सोललेलं मनगट दोन्ही हातांत धरलं होतं.

नव्या छपराला सव्वीस पत्रे आहेत. थीयाला आता मुलं आहेत, आणि दर शुक्रवारी ती पापांना हटकून विचारते, "तिघी न्हाणीत गेल्या, बाहेर किती?" पापा मनगट चोळतात. वारा असला तर छपराकडेही बघतात.

"कुणी नाही," मामा त्यांच्या वतीने सांगते.