रोझ हिल्सच्या आधी इथे गाव होतं

आमच्या गावची दोन-चार जुनी माणसं एकत्र बसली की असे किस्से निघतातच. एकाने एक सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात, आणि तेवढ्यात कुठल्यातरी बिल्डिंगच्या गेटवर तिसरा घडलेला असतो. नाशिकने आम्हाला पोटात घेतलं तेव्हा गावाचं नाव बसच्या पाटीवरूनही गेलं. उरले ते किस्से.

*

नव्वदीच्या सुरुवातीला गावात पहिला ले-आउट पडला. आम्ही सगळे फुलांचे मळे करणारे. माझे चुलते तात्या सोडले, तर आसपासच्या बहुतेकांनी जमीन देऊन टाकली.

बिल्डरने आधी गुलाब उपटले, मग ‘रोझ हिल्स’ अशी पाटी लावली. टेकडी तर कुठेच नव्हती. भूमिपूजनाचे हार मात्र त्याने गाडी पाठवून शहरातल्या फूलबाजारातून मागवले. तात्यांनी गळ्यातला हार काढून त्याची गाठ निरखून बघितली.

"ह्यो आमच्या हिच्या हातचा हाय. सकाळी टोपलीतून गेला, दुपारी मोटारीतून परत आला."

बिल्डरला वाटलं, कौतुक चाललंय. त्याने टाळ्या वाजवल्या.

*

सरपंच नानांनी तर सगळ्यांच्या आधी जमीन विकली आणि बंगला ठोकला. दोन मजले, मार्बल, झुंबर. मी लग्नाची पत्रिका द्यायला गेलो. बेल वाजवली, कुणीच येईना. मागच्या बाजूला गेलो, तर पत्र्याच्या शेडमध्ये नाना, नानी, दोन सुना आणि म्हैस. चुलीवर चहा उकळतोय.

"नाना, एवढा बंगला आहे की."

"हाय ना. पण वापरला की खराब होतो."

मग त्यांनी मला हौसेने बंगला दाखवला. खिडकीतून.

*

इतरांना हसतोय, पण मी तरी कुठे शहाणा? वडिलांच्या मागे माझ्या वाट्याची जमीन मीही दिली आणि तिथेच तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बिल्डिंग उभी राहीपर्यंत तात्या माझ्याशी बोलले नाहीत. वास्तुशांतीला मात्र आले. हातातला पेढा तसाच धरून एकेका खोलीत फिरले. गॅलरीतून खाली वाकले, कसला तरी अंदाज घेतला.

"तुझ्या बापाचा अन् नानाचा बांध कुठं आला रं?"

त्या एका बांधावरून वडील आणि नाना उभा जन्म भांडले होते. कोर्टापर्यंत गेले होते. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "संडासात, तात्या."

तात्यांनी पेढा टेबलावर ठेवला आणि चपला घालून निघून गेले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "खोटं सांगायला हवं होतं का?"

*

रोझ हिल्सच्या जागेत एक चांगली विहीर होती. ती बुजवून वर क्लबहाऊस बांधलं. पुढे बोअर आटले आणि टँकर सुरू झाले. ते भरायचे तात्यांच्या विहिरीवरून. सोसायटीचे सेक्रेटरी, बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ, एकदा तक्रार घेऊन मळ्यात आले.

"तात्या, तुमच्या पाण्याला मातीचा वास येतो हो."

"मग क्लबहाऊसमधलं पिऊन बघा," तात्या म्हणाले.

*

आणि ही स्मशानाची गोष्ट. आमचं स्मशान नदीकाठी, पिढ्यान् पिढ्यांचं. रोझ हिल्सच्या गॅलऱ्या नेमक्या त्याच बाजूला. ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून लोकांनी हौसेने घेतलेल्या. राहायला आल्यावर त्यांना धूर दिसला.

सेक्रेटरींनी अर्ज तयार केला, की स्मशान इथून हलवावं. जुन्या गावकऱ्यांच्याही सह्या हव्यात, म्हणून ते मारुतीच्या पारावर आले. मी होतो, नाना होते, तात्या होते. नानांनी तर कागद न बघताच पेनाचं टोपण काढलं.

तात्यांनी अर्ज स्वतःकडे घेतला. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मागे पाच पानं नुसत्या सह्या.

"ही समदी मान्सं आता हितंच ऱ्हाणार ना? कायमची?"

"म्हणजे काय," सेक्रेटरी म्हणाले. "सगळे ओनर आहेत. भाडेकरू एकही नाही."

तात्यांनी कागद घडी करून त्यांच्या हातात दिला.

"मग यांना कुठं न्यायचं, तेबी लिहून आणा."