मामाच्या हातची टोपी

आई गेली, तेरावा झाला, पण वडिलांना टोपी घालायची राहिली. आमच्याकडं बायको गेलेला माणूस तेरा दिवस उघड्या डोक्यानं बसतो. तेराव्याला बायकोचा भाऊ येऊन त्याच्या डोक्यावर नवी टोपी ठेवतो, मग दुखवटा संपतो. माणूस बाजारात, लग्नकार्यात जायला मोकळा होतो. माझा मामा एकच, देगलूरला असतो. खुब्याचं हाड मोडून तो खाटेवर पडलेला, म्हणून आला नाही. पाहुण्यांना आम्ही एवढंच सांगितलं. आईला पुण्याला दवाखान्यात हलवलं हे मी त्याला कळवलंच नव्हतं, हे नाही सांगितलं. त्याला फोन गेला तो एकदम ती गेल्याचाच.

दीड महिना वडील अंगणात बोडक्या डोक्यानं बसून राहिले. जन्मभर टोपी घातल्यानं त्यांचं अर्धं कपाळ काळं आणि अर्धं गोरं. मला ते बघवत नव्हतं असं म्हणायला पाहिजे, पण तसं नव्हतं. मी बघत होतो. मला काहीच होत नव्हतं. मृत्यूचा दाखला काढला, रेशनकार्डावरचं तिचं नाव कमी केलं, उरलेल्या गोळ्या मेडिकलवाल्याला नेऊन दिल्या. शेवटी चुलते म्हणाले, "मामाला उठता येत न्हाई तर डोकं तिकडं घेऊन जा की." म्हटलं, बरं. तेही एक काम.

गाडी माझी. दोन माणसांची, उघडी, वजनाला एकदम हलकी, शर्यतीच्या गाडीसारखी बुटकी. जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, पण माझ्या पगारातून. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. पुण्याहून लातूरला घरी तीच चालवत आलो होतो. वडील म्हणाले, "एसटीनं जाऊ." मी ऐकलं नाही. मामानं गाडी बघावी असं मला वाटत होतं. आई जाऊन दीड महिना झालेला, आणि मला तेवढंच एक वाटत होतं.

गाडीला कापडी छत होतं. ते ओढलं की वडिलांचं डोकं टेकायचं आणि मान वाकडी करून बसावं लागायचं. म्हणून छत मागं दुमडलं आणि निघालो.

अहमदपूरला चहाला थांबलो तर गाडीभोवती घोळका. एका म्हाताऱ्यानं दारावरून हात फिरवला.

"लई भारी हाय. छप्पर कवा बसवणार?"

"असंच असतंय हे, बाबा."

"पैसे कमी पडले व्हय?"

सगळे हसले. वडीलही हसले असते एरवी. ते बशीतला चहा पीत राहिले.

मुखेडच्या रस्त्यावर काम चालू होतं. मुरमाच्या ढिगावर गाडीचं पोट टेकलं. चौघं मजूर आले, "उतरू नका, काका, बसून ऱ्हावा," म्हणाले आणि वडिलांसकट पुढचं अंग उचलून बाजूला ठेवलं. एक जण म्हणाला, "आमच्या बैलगाडीचं जू याच्याहून जड हाय." मी त्यांना धन्यवाद दिले. वडील समोर बघत बसले होते.

मुखेड सुटलं आणि ऊन चढलं. चैतातलं ऊन, वर छत नाही, रस्त्याला झाड नाही. वडील तळहात डोक्यावर धरून बसले. मी माझी टोपी काढली, ऑफिसात सगळ्यांना वाटलेली, पुढं चोच असलेली, आणि एका हातानं गाडी चालवत दुसऱ्या हातानं त्यांच्या डोक्यावर बसवली.

"राहू दे," ते म्हणाले.

"ऊन लागंल, अप्पा."

त्यांनी डोक्यावरचा हात खाली घेतला. माझ्या मनात फक्त ऊन होतं. इंजिनिअर माणूस, डोकं तापलं की झाकायचं, एवढंच मला कळत होतं.

देगलूरला मामाच्या दारात गाडी लावली. मामी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"दाजी, डोक्यावर काय हे? कुणी घातली?"

वडिलांचा हात वर गेला. तेव्हा मला कळलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, पण आता काय.

आतून मामाचा आवाज आला. "काय झालं गं?"

"भाच्यानं टोपी घातली दाजींला. वाटंतच."

आम्ही आत गेलो. मामा खाटेवर उशीला टेकून बसला होता. अंगावर धुतलेला सदरा, दाढी केलेली. उशाशी नवी पांढरी टोपी, टॉवेल आणि कुंकवाचा करंडा मांडून ठेवलेला. सकाळपासून तो तयार होऊन बसला असणार.

"घाला की मामा," मी म्हणालो. "ती उन्हाची होती. ती काही खरी नाही."

"खरी न्हाई?" मामा म्हणाला. "दुखवट्याच्या डोक्यावर पयली बसली तीच खरी. दोनदा घालायला ते काय लग्न हाय?" मग माझ्याकडं बघून म्हणाला, "बहीण दवाखान्यात नेली तवा इचारलं न्हाई. आता हे बी तुम्हीच उरकून आलाव, साहेब. मग माझ्याकडं कशाला?"

"ऊन लई होतं, पाव्हणं," वडील म्हणाले.

मामानं त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. पण नवी टोपी उचलली नाही. निघताना मामीनं ती पिशवीत घालून द्यायला बघितली, तर मामाच म्हणाला, "ती हातात देत नसतेत." आणि वडीलही म्हणाले, "नको, वयनी."

गाडी बघायला मामा बाहेर येऊ शकत नव्हता. खिडकीतून दिसली असती, पण त्याची पाठ खिडकीकडं होती.

परत येताना मी म्हणालो, "अप्पा, माझं चुकलं." वडील म्हणाले, "पाव्हण्याचं बरोबर हाय." टोपी तशीच त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी ती घातली नाही, मी घाला म्हणालो नाही. ऊन तेवढंच होतं. गाडी चांगली चालली.

चुलत्यांनी विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. मामाच्या म्हणण्यानं टोपी झालेली आहे, वडिलांच्या मनानं झालेली नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्या पुतणीच्या लग्नाला वडील आले नाहीत. मामाला फोन करायचं रोज ठरवतो. अंगणात वडील अजून बोडक्या डोक्यानंच बसतात. ऊन आलं की खुर्ची लिंबाखाली ओढतात, सावली सरकली की परत ओढतात.