किनखापाची थैली आणि वकील

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर माझ्या कपाटातली किनखापाची थैली बघून "आजी, व्हॉट इज दॅट?" विचारलंत आणि मी तोंड उघडायच्या आत तुमचा क्लास सुरू झाला, म्हणून लिहून ठेवते. ती इथल्या, हर्नडनच्या, आमच्या शेजाऱ्यांची. जुन्या इराणच्या शहाचं युरोपातल्या राजांशी कसं जमेल, याची काळजी खुद्द शहापेक्षा जास्त वाहिलेला माणूस जगात हा एकच.

तसे ते निवृत्त इंजिनिअर. पण शहाची राजधानी इस्फहान त्यांच्या बोलण्यात अशी यायची, की वाटावं हायवेवरची पुढचीच एक्झिट. रिकाम्या हाताने कधी आले नाहीत. "वहिनी, शहाचा वकील रेशमाच्या गाठोड्याशिवाय दरबारात जात नसे," म्हणत दोन लिंबं पुढे करायचे, आणि बसा म्हणेपर्यंत दाराशी उभे. दूताला ते जुन्या मराठीप्रमाणे वकीलच म्हणत. कॉलनीच्या कमिटीने गवत वाढल्याची नोटीस पाठवली, तर खजुराचा डबा घेऊन वाटाघाटींना गेले. खजूर संपले, गवत कापावं लागलंच. एकाच शहाचे दोन वकील इंग्लंडच्या दरबारात भेटले आणि खरा कोण यावरून हातघाईवर आले, हे ते इतकं रंगवून सांगत, की माझी पोळी करपे. मी विचारी, "मग शहाचं रेशीम तिकडे विकलं गेलं? राजाने उत्तर दिलं?" "उत्तराला वर्षं लागायची," म्हणून ते एकदम उठून घरी निघत.

कारण मला ठाऊक होतं. त्यांच्या मुलीने परस्पर लग्न ठरवलं म्हणून ते लग्नाला गेले नाहीत. तीन वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं. ती दुसऱ्या राज्यात, विमानाने जावं लागे अशा प्लेनोला. मी भाचीच्या डोहाळजेवणाला तिकडे निघाले, तेव्हा त्यांनी ही थैली हातात दिली. "फोनवर तह होत नाहीत, वहिनी. खलिता लागतो." आणि मुलीला मेसेज केला: 'शनिवारी माझा वकील येईल.'

तिला जुनी मराठी कुठून येणार? दार उघडलं तर ती रडवेली. "काकू, तुम्ही? अहो, बाबांचा लॉयर येतोय! मला डिसओन करतायत का?"

"अगं, तो लॉयर मीच!"

थैलीत तिच्या आईची रेशमी साडी होती, आणि एक ओळ: 'चूक माझी. अटी तू सांग.' ती हसता हसता रडली. उत्तर तिने त्याच थैलीत घातलं: 'अट एकच. पुढच्या वेळी वकील नको, बाबा, तुम्ही या.'

ते गेले आणि तिकडेच राहिले. मागच्या वर्षी तिथेच वारले. शेजारचं गवत आता वेळेवर कापलं जातं. तिच्या उत्तराचा कागद ते सोबत घेऊन गेले होते. थैली मला दिली, वकिलाचा मान म्हणून. एका कोपऱ्यात ती उसवली आहे. नाडी मात्र ओढली की अजून घट्ट बसते.