चटकचांदणीची कोप

गाजरगवताला आमच्याकडे चटकचांदणी म्हणतात. असलं गोड नाव ठेवणारा माणूस मला भेटला असता तर मी त्याच्या हातात खुरपं देऊन त्याला आमच्या विहिरीजवळच्या पट्टीत उभं केलं असतं. चांदणी म्हणे! त्या पांढऱ्या फुलांनी माझ्या आईला तिच्या स्वतःच्या रानातून उठवलं. आता राग येऊन काय उपयोग, असं लोक मला म्हणतात. उपयोगासाठी कुणी रागावतं का?

आमचं शेत शिरूर अनंतपाळच्या बाजूला. त्या भागात येळवस हा वर्षाचा सगळ्यात मोठा सण, दिवाळीपेक्षाही मोठा. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला गाव ओस पडतं, सगळे रानात जातात. रानाच्या मधोमध कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, वर शाल पांघरायची, आत पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे. पालेभाज्या-शेंगांची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. वाटेनं जाणाऱ्या माणसाला हाका मारून बोलवायचं, आणि बोलावलेल्या माणसानं नाही म्हणायचं नाही. येळवसचं अन्न नाकारणं म्हणजे त्या रानाला शिव्या दिल्यासारखं, असं आमच्यात धरतात.

आई नायगावकडची. तिच्या माहेरी येळवसचं एवढं प्रस्थ नव्हतं. पण लग्न होऊन आली आणि तिनं हा सण असा काही उचलला की आमच्या आत्या तिला चिडवायच्या, "हिला नवरा न्हाई, कोपच आवडली." कोपीच्या तोंडाशी बसून वाढायचा मान घरच्या धाकट्या सुनेचा. ती तिथं ऐसपैस बसायची, मांडीशी आंबिलीचं मडकं, आणि आल्यागेल्याला पोटाला तडस लागेपर्यंत वाढायची. वर्षभर वाकून काम करणारी ही बाई त्या एका दिवशी ताठ बसलेली दिसायची.

मग तो मोठा दुष्काळ पडला. मी लहान होते, पण परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीची चव अजून जिभेवर आहे. दादा, म्हणजे माझे वडील, आणि आई दोघंही खडी फोडायला जायचे. रानात पेरलंच नव्हतं. कडब्याची एक-एक पेंढी बैलांसाठी मोजून ठेवलेली. येळवस जवळ आली तसा घरात प्रश्न पडला, कोप कशाची करायची?

घरातले प्रश्न सोडवायचे ते आमच्या थोरल्या चुलत्यांनी. आबा म्हणायचो आम्ही त्यांना. दादा त्यांच्यापुढं तोंड उघडत नसत. आबांना सगळं ठाऊक असायचं. पाऊस कधी येणार हे ठाऊक, तो का आला नाही हेही ठाऊक. खडीच्या रस्त्याच्या कडेनं एक नवीन झाड माजलं होतं. मिलोच्या पोत्यांबरोबर आलं, असं लोक म्हणायचे. पान गाजरासारखं, वर पांढरी बारीक फुलं. सगळा मुलूख करपलेला आणि हे एकटं हिरवंगार. जनावरं तोंड लावत नव्हती. जनावरांना कळत होतं.

आबा म्हणाले, "बिनकोपीची येळवस आपल्या घरात झाली न्हाई. ते गवत हाय की फुकटचं. आना उपटून."

आणलं. गाडीभर आणलं. विहिरीजवळची पट्टी हे आमचं सगळ्यात कसदार रान, तिथं कोप उभी केली. खरं सांगायचं तर ती फार सुंदर दिसत होती. वरून खालपर्यंत पांढरी फुलं. शेजारच्या रानातले लोक बघायला आले आणि पुढच्या अमावस्येला आपणही अशीच करू म्हणाले. आई आत बसली. मिलोचे उंडे, पाण्यासारखी आंबील, तरी तिनं रस्त्यावरून जाणाऱ्या खडीकामाच्या माणसांना हाका मारल्या. केसांत, पदरावर, मडक्यात फुलांचा भुगा पडत होता. ती हसून झटकत होती.

आमच्यात कोप मोडत नाहीत. तिची ती पडू द्यायची असते. ती पडली.

पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि त्या पट्टीत ज्वारीच्या आधी चटकचांदणी उगवली. त्याच्या पुढच्या वर्षी अर्ध्या रानात. एकेका झाडाला किती बी धरतं ते ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. आई सकाळपासून खुरपत असायची. उपटलेलं आबा बांधावर टाकायला सांगायचे, फुलांसकट. बांधावरून ते पुन्हा रानात यायचं. आबांच्या वाटणीचं रान बांधापलीकडंच होतं आणि तिथं तर कुणी हातच लावत नव्हतं. दादांनी एकदा, चार माणसांना पुढं करून, विषय काढला. आबा म्हणाले, "माझ्या रानातलं गवत हाय. तुमच्या बापाचं काय जातं?" बाप दोघांचा एकच होता, पण दादा गप्प बसले. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मला आबांच्या बोलण्याइतकाच संताप यायचा.

काही वर्षांनी आईच्या कोपराच्या खोबणीत खाज सुटली. मग मानेला, मग पापण्यांना. उन्हात गेली की चेहरा सुजायचा, भेगा पडायच्या, पाणी वाहायचं. कडुलिंब लावला, हळद लावली, एका बाबाचा अंगारा लावला. मान बैलाच्या खांद्यासारखी जाड आणि काळी झाली. रात्रभर ती खरारा केल्यासारखी खाजवायची आणि सकाळी पदर ओढून परत रानात जायची. कारण तण थांबत नव्हतं.

गावानं निदान करून टाकलं. महारोग. तोंडावर कुणी बोललं नाही. पाणवठ्यावर तिच्या घागरीशेजारची जागा तेवढी रिकामी राहायला लागली. आणि त्या येळवसला आई आंबिलीचं मडकं घेऊन कोपीकडे निघाली तेव्हा आबा दादांना म्हणाले, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "यंदा थोरली वाढंल. धाकटीला बोरीखाली बसू दे. लोक जेवायचे हायत."

आई बोरीखाली बसली. तिचं ताट वेगळं आलं. चुलती कोपीच्या तोंडाशी बसून वाढत होती आणि हाका मारून बोलावलेले लोक आधी बोरीकडे बघून मग जेवायला बसत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. ज्यानं ते गवत रानात आणलं तो कोपीत यजमान, आणि जिनं वर्षानुवर्षं ते उपटलं ती बाहेर. त्या दिवशी मी जेवले नाही. आई मात्र जेवली. मला म्हणाली, "अन्नावर राग काढू नगं."

मधल्या काळात आमचा जिल्हा बदलला. उस्मानाबाद सुटलं, लातूर आलं. गावात पेढे वाटले. नवा जिल्हा, नव्या कचेऱ्या, नव्या जीप. त्यातल्या एका जीपमधून एक साहेब गावात आले आणि गाजरगवत हटवायचं म्हणून भाषण करून गेले. फुलायच्या आधी उपटा, मुळासकट उपटा. बोलणं शंभर टक्के खरं होतं. फक्त त्या वेळी ते गवत फुलून, बी गाळून, वाळून उभं होतं. वरातीमागून घोडं. मग सगळ्यांनी मिळून ते कापलं, फोटो निघाला आणि कापलेलं गवत ओढ्यात टाकलं. ओढ्यानं ते पुढच्या गावांना पोचवलं.

मला लातुरात शिक्षिकेची नोकरी लागली. पहिलं काम मी कुठलं केलं असेल तर आईला ओढत दवाखान्यात नेलं. ओढत म्हणजे खरंच ओढत, कारण तिलाही आतून वाटत होतं की गाव म्हणतं तेच असणार आणि डॉक्टरनं ते कागदावर लिहिलं की संपलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं तिची मान पाहिली, पापण्या पाहिल्या आणि विचारलं, "मावशी, तुमच्या रानात गाजरगवत आहे का?"

आई माझ्याकडे बघायला लागली.

महारोग नव्हता. एकाचं दुसऱ्याला होणारं काहीच नव्हतं. त्या गवताचंच तिच्या अंगाला वावडं होतं. डॉक्टरनं हे दोनदा सांगितलं. आईनं पदर सावरला आणि पहिला प्रश्न विचारला, "मंग मला आता कोपीत बसता येईल न्हवं?"

त्याला कोप म्हणजे काय ते कळलं नाही. मी सांगितलं. तो म्हणाला, "रानात जायचं नाही मावशी. ते गवत जिथं आहे तिथं जायचंच नाही. नाहीतर हे बरं होणार नाही."

एकाच वाक्यात ती निर्दोष सुटली आणि तडीपारही झाली. बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर ती बसली. तिला रडताना मी फार वेळा पाहिलेलं नाही. त्या दिवशी पाहिलं.

मी तिला लातुरात माझ्या खोलीवर ठेवून घेतलं. दादा रान सांभाळायला गावातच राहिले. गावात जाऊन आबांना, चुलतीला, पाणवठ्यावरच्या बायकांना डॉक्टर काय म्हणाला ते मोठ्या आवाजात सांगून आले. बायका चुकचुकल्या. आबा म्हणाले, "गवतानं कुठं रोग होतो का? आमाला न्हाई झाला." त्यांना कसा होणार? त्यांनी त्या गवताला दुष्काळातल्या येळवसनंतर कधी हातच लावला नव्हता.

लातूर म्हणजे आगीतून फुफाट्यात निघालं. जिल्हा झाल्यावर गावाबाहेरची रानं मोडून प्लॉट पडले होते. दगड रोवलेले, मालक कुठं तरी दुसरीकडे, आणि प्लॉटभर चटकचांदणी. माझ्या खोलीच्या खिडकीखालीसुद्धा. पावसाळ्यात ती फुलायच्या आधी मी हाताला पिशव्या बांधून, तोंडाला फडकं गुंडाळून उपटायला गेले, तर प्लॉटवाला स्कूटर दामटत आला. मी त्याची जागा बळकावतेय असं त्याला कुणीतरी कळवलं होतं. "बाई, माझ्या प्लॉटमधी पाय ठेवायचा न्हाई," म्हणाला. मी म्हटलं, मग तुम्ही उपटा. "रिकामा प्लॉट हाय, काय पीक काढायचंय त्यात?" म्हणाला. मी त्याला जे बोलले ते शिक्षिकेला शोभणारं नव्हतं. रोज सकाळी तो उठायच्या आधी जाऊन मी उपटत राहिले, पण पलीकडे असे कितीतरी प्लॉट होते. आई खिडक्या लावून आत बसायची. तिचा चेहरा जरा निवळला, पापण्या उघडल्या. पण मान तशीच.

येळवसला लातूर रिकामं होतं. दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रं नाही, सगळे आपापल्या किंवा कुणाच्या तरी रानात. आई दाराशी बसून जाणारे टेम्पो बघायची. मीही जात नसे. आम्ही दोघी खोलीत भज्जी करायचो, पण आंबील ती करू देत नव्हती. आंबील रानातच प्यायची, म्हणायची.

पुन्हा दुष्काळाची वर्षं आली. त्यातल्याच एका येळवसच्या दुसऱ्या दिवशी आबा माझ्या खोलीवर आले. कचेरीत काहीतरी काम होतं. हातात पितळी डबा, वर फडकं बांधलेलं. आईचा वाटा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो आणला होता, आणि मी, एवढी रागीट, तरी क्षणभर विरघळले. त्यांना बसायला दिलं, चहा ठेवला. आई आतल्या दारात पदर ओढून उभी राहिली. मोठ्या दिरासमोर बोलायची आमच्यात रीत नाही. लग्न झाल्यापासून ती त्यांच्याशी एक शब्द थेट बोलली नव्हती, आणि तेही काही सांगायचं तर तिसऱ्याला सांगायचे.

आबा दुष्काळाचं सांगत होते. विहीर आटली. चारा न्हाई. जनावरं पाहुण्यांकडं धाडली. "पर येळवस मोडली न्हाई," म्हणाले. "कोप केली."

मी विचारलं, "कडबा नव्हता ना? कशाची केली?"

"कशाची म्हंजे? चटकचांदणीची. हिरवं म्हनून दुसरं हाय काय रानात? झ्याक दिसत व्हती बघ. फुलंच फुलं."

मी बोलायला तोंड उघडलं. पण माझ्याआधी आई पुढं आली. पदर तिनं डोक्यावरून मागं सारला होता. तिची काळी, जाड मान आणि तो भेगाळलेला चेहरा आबांनी इतक्या जवळून बहुतेक कधी पाहिला नसावा. तिनं डबा उचलला आणि त्यांच्यापुढं ठेवला.

"हे माघारी न्या."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, तुझ्या आईला सांग. येळवसचं नको म्हनू नये."

"तिला कशाला सांगता? मी उभी हाय हितं," आई म्हणाली. "त्या कोपीत मी बसले व्हते. त्या दिसापासून मला बसायला रान राहिलं न्हाई. त्या कोपीतलं मी खानार न्हाई."

चहा तसाच राहिला. आबांनी डबा उचलला. मी दार उघडून धरलं आणि ते जिना उतरून प्लॉटांमधल्या वाटेनं निघाले. दोन्ही बाजूंना कमरेएवढी चटकचांदणी उभी होती. मी बघत उभी राहिले.

"दार लाव," आई मागून म्हणाली. "वारं तिकडनंच येतंय."