गावठाणावरचा सबवूफर

झुल्फिकारभाईंसारखा कानाचा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. त्यांची आठवण निघाली की अजून गलबलतं. भोरात त्यांचं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. दोन हजार तीन उजाडेपर्यंत लोकांनी टेप माळ्यावर टाकले आणि दुकानात भाई आणि माश्या एवढेच उरले.

अशात माझ्या वडिलांनी, रखमाजी आबांनी, पानशेत धरणातल्या आमच्या लाँचवर सबवूफर बसवायला त्यांना बोलावलं. रविवारी पुण्याची मंडळी शेजारच्या धडधडणाऱ्या लाँचकडे पळायची, म्हणून मीच आबांचं डोकं खाल्लं होतं. पण आबांची अट होती. धरणाच्या पाण्याखाली आमचं जुनं गावठाण आहे. त्यावरून जाताना लाँचमध्ये गाणं बंद, बोलणंही बंद. म्हातारी माणसं चपला काढून हात जोडतात.

"तितं आवाज झाला, तर तुमचा डबा परत न्यायाचा," आबा म्हणाले.

भाईंनी मान डोलावली. काम जमलं तर बाकीच्या लाँचही त्यांच्याकडे येणार होत्या, नाहीतर दुकानाला कुलूप. हे त्यांनी मला सामान आणायला पुण्याला जाताना एसटीत सांगितलं, तेही खिडकीबाहेर बघत.

पुण्यात बारा इंची सबवूफर बघून मी हरखलो. भाईंनी मात्र दुकानदाराला एकच गाणं पुन्हापुन्हा लावायला सांगितलं, एकेकावर तळहात ठेवला आणि दहा इंची उचलला.

"त्येचा पडदा कागदाचा हाय, दमटात फुगंल. ह्येचा प्लास्टिकचा. आन् उघड्या लाँचीत भिंती कुठं हायेत आवाज धरायला? आपुन फळ्यांनाच बोलतं करू."

त्यांनी पेटी थेट तळाच्या फळ्यांवर स्क्रूनं आवळली, इंजिनाला त्रास नको म्हणून वेगळी बॅटरी जोडली आणि गावठाण आलं की आवाज तोडायला खास एक बटण बसवलं.

चाचणीच्या दिवशी आबा आणि बाजारातून परतणारी माणसं लाँचमध्ये होती. मी सुकाणूवर, बटणापाशी भाई. गाणं सुरू झालं. पेटीवर हात ठेवून, डोळे मिटून भाई असे रंगले की गावठाण आलं तरी त्यांना पत्ता नाही. मीही कमी शहाणा नव्हतो, मान डोलावत होतो. मागे बघितलं तर सगळ्यांचे हात जोडलेले, आणि आबा डोळे वटारून भाईंकडे बघत होते. तेवढ्यात भाईंनी डोळे उघडले आणि ते बटणाकडे झेपावले.

"ऱ्हाऊ द्या," बनाबाई म्हणाली. आबांची ही थोरली बहीण. गावठाणावर पोरासोरांना दटावून गप्प करणारी तीच. तिचे अनवाणी पाय फळ्यांवर घट्ट टेकलेले होते. "जत्रंला ढोल वाजला की आमच्या अंगणातली भुई अशीच हलायची. चाळीस वर्सं झाली. पायाला वळख ऱ्हायली बघा."

आबांनी पाण्याकडे तोंड फिरवलं. भाईंचे डोळे भरून आले होते.

"आत्या," त्यांनी हळूच विचारलं, "थोडा वाढवू का?"

"नको," ती म्हणाली. "येवढाच व्हता."