चढावरची मूठ

किशोरभाऊंची ती मोठी, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी आली, त्या वर्षापासून जयाचे रविवार पायी गेले.

जया माझी शेजारीण. भुकूमच्या आमच्या सोसायटीत आम्ही दोघी एकदमच राहायला आलो. तिचे यजमान किशोरभाऊ कंपनीतून लवकर निवृत्त झाले आणि त्यांनी ही गाडी घेतली. अशी गाडी रस्त्यावर चालवायची नसते, हे मला तेव्हा कळलं. पौडच्या पुढे धनगरवस्तीच्या वरच्या अंगाला मुरमाचा उघडा माळ आहे. आसपासची पाचसहा माणसं आपापल्या गाड्या तिथे नेतात, ओढ्यात घालतात, दगडांवर चढवतात, चिखलात रुतवतात आणि खूश होऊन घरी येतात.

अशा गाडीत बसलेल्याला चाकाखालचं काही दिसत नाही. म्हणून एक माणूस पुढे उभा राहून हातांनी वाट दाखवतो. दोन्ही तळवे आपल्याकडे हलवले की ये, हात बाजूला केला की तिकडे वळव, मूठ वर केली की थांब. चालवणाऱ्याने जमिनीकडे बघायचंच नाही, त्या हातांकडे बघायचं. मूठ वर झाली की मनात काही का असेना, ब्रेक.

चालवतात पुरुष आणि पुढे उभ्या राहतात त्यांच्या बायका. असं कुणी ठरवलेलं नाही, पण तसं झालंय खरं.

जयासारखी वाट दाखवणारी त्या माळावर दुसरी नाही. मी एकदोनदा पोह्यांचा डबा घेऊन गेले होते, तेव्हा पाहिलंय. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायांत गमबूट, आणि अंगावर चालून येणाऱ्या त्या धुडासमोर उलटी चालत ही बाई हात हलवतेय. वस्तीवरचा बिरदेव रुतलेल्या गाड्या ट्रॅक्टरने ओढून काढतो. त्याने एकदा किशोरभाऊंच्या देखतच सांगून टाकलं होतं, "वैनी, गाडी तुमीच चालवताया. सायेब नुस्ते आत बसलेत." सगळे हसले. किशोरभाऊही हसले. जया तेवढी हसली नाही.

तिला खरंच चालवायची होती. वडिलांची पौडहून वरच्या गावांना वडाप जीप होती. भावाच्या मिशा फुटायच्या आत त्याच्या हातात स्टिअरिंग आलं, आणि ही मागच्या फाळक्याला लटकून पॅसेंजरांचे पैसे घ्यायची. लग्नानंतर, मुलगी मोठी झाल्यावर, क्लास लावून ती शिकली. जुन्या छोट्या गाडीने पौडला बाजारला जायची, मलाही न्यायची. हात अगदी सफाईचा. पण मोठी गाडी किशोरभाऊंची. तिचं सीटसुद्धा कुणी पुढेमागे केलेलं त्यांना खपत नसे.

मग त्या मंडळींचं किर्गिझस्तानला जायचं ठरलं. तिकडे भाड्याने गाड्या घ्यायच्या आणि डोंगरातून, नद्यांमधून आपापल्या चालवत फिरायचं. जयाने एकच मागणी केली. एका चढावर गाडी मी चढवणार, आणि तुम्ही पुढे उभे राहून मला वाट दाखवायची. किशोरभाऊ हो म्हणाले. माझ्यासमोर म्हणाले.

त्यानंतर जयाचं जे सुरू झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तिकडे स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे गिअर उजव्या हाताने. ही भाजी परतता परतता उजव्या हाताने हवेत गिअर टाकायची. किशोरभाऊ पुण्यात गेले की बिरदेवच्या जुन्या जीपवर माळावरचा चढ चढायची. सुट्या खडीवर मध्येच थांबायचं नाही. थांबलं की चाकं खाली खणतात आणि गाडी बसते. हे त्या माळावर सगळ्यांना ठाऊक आहे, किशोरभाऊंना तर आहेच.

जाऊन आल्यावर फोटो ग्रुपवर आले. हिरवे डोंगर, घोडे, पांढरे गोल तंबू. एकाही फोटोत जया चालवताना नव्हती. मी चार दिवस विचारलं नाही. मग ती मेथीची जुडी घेऊन निवडायला माझ्याकडे आली, आणि तिनेच सांगितलं.

तिकडे रोज काहीतरी निघायचं. आज वारा आहे, आज नदीला पाणी जास्त आहे, आज उशीर झालाय. शेवटी परतीच्या आदल्या दिवशी तिने सगळ्यांच्या देखत मागितली, तेव्हा किशोरभाऊंना द्यावीच लागली. समोर सुट्या खडीचा लांब चढ होता. ते वर जाऊन उभे राहिले, तिने गाडी घातली. छान चढत होती म्हणे. इंजिनचा आवाज एकसारखा, चाकं धरून चाललेली. अर्ध्यावर किशोरभाऊंची मूठ वर झाली.

पुढे दगड नव्हता, खड्डा नव्हता. जयाने ब्रेक दाबला. मागची चाकं खडीत गेली, गाडी तिरकी सरकली आणि बसली. ती ना वर जाई ना खाली. दुसऱ्या गाडीला पट्टा लावून ओढावी लागली. ओढायच्या आधी किशोरभाऊ खिडकीशी आले आणि म्हणाले, "जया, सरक."

ती सरकली. संध्याकाळी तंबूत जेवताना, वहिनींनी डोंगरात विहीर खणली, अशी थट्टा झाली. मुठीचं नाव कुणी काढलं नाही.

"पण तुला माहीत होतं ना? मग थांबलीस कशाला?" मी विचारलं.

"ह्यांची मूठ वर होती."

तिने मेथीची एक काडी उचलून पानं खुडली. मग म्हणाली, "न थांबता वर गेले असते, तर म्हणाले असते, ही ऐकत नाही, हिच्या हातात गाडी द्यायची नाही. थांबले, तर रुतवली. हे सगळं मला तिथे बसल्या बसल्या लख्ख दिसलं गं. आणि तरी पाय ब्रेकवर गेला."

मला राग आला. त्यांना विचार तरी, म्हटलं. तिने विचारलंच होतं, घरी आल्यावर, चहा देताना. किशोरभाऊंनी तिच्याकडे नवलाने पाहिलं होतं. "मूठ? अगं, मी तर ये म्हणत होतो." जयाचं म्हणणं, ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसंच आठवत होतं.

किशोरभाऊ वाईट माणूस नाही. पुढच्या खेपेला ओमानच्या वाळूत जायचं ठरतंय, आणि जयाशिवाय मी एक दगड ओलांडत नाही, असं ते भेटेल त्याला कौतुकाने सांगतात. जया मात्र आता छोटी गाडीही काढत नाही. बाजारला रिक्षाने जाते. मी दोनदा म्हटलं, चल, तू चालव, मी बसते शेजारी. ती म्हणाली, राहू दे.

गेल्या रविवारी तिने आग्रह केला म्हणून माळावर गेले. तिथे आरोही नावाची एक नवी मुलगी आली होती. नुकतंच लग्न झालेलं, नवऱ्याने गाडीही नवीच घेतलेली. जया तिला खुणा शिकवत होती. तळवे असे, कोपर अंगाला चिकटवू नकोस, गाडीपासून एवढी लांब राहा. मुलगी चटकन शिकत होती. मधेच तिने विचारलं, "काकू, आपल्याला पण देतात ना चालवायला?"

"देतात की," जया म्हणाली.

मग तिने आरोहीला दोन्ही खांद्यांना धरून तिच्या नवऱ्याच्या गाडीसमोर जरा डावीकडे उभं केलं.

"इथे थांब," ती म्हणाली. "इथून तू त्याला नीट दिसशील."