बफरवाली गोळी

चंद्रपुरात 'बफर' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ताडोबा आमच्या उशाशी आहे. मधलं खरं जंगल, जिथं वाघाचं राज्य, ते कोअर. त्याच्या भोवती गावं, शेतं, गुरं आणि अधूनमधून वाघ असं सगळं एकत्र नांदतं, ते बफर. चहाच्या टपरीवर "काल बफरमध्ये दिसला" असं कोणी म्हणालं की काय दिसला हे कोणी विचारत नाही. त्यामुळे औषधाच्या दुकानातल्या भाऊंनी माझ्या हातातली चिठ्ठी पाहून "बाई, साधी देऊ का बफरवाली?" असं विचारलं, तेव्हा मी ताडकन म्हणाले, "भाऊ, मले गोळ्या पायजेत. सफारी नाई पायजे."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली, भाऊ हसले आणि मला अधिकच राग आला. मी घरूनच चिडून निघाले होते. त्या दिवशी सकाळी आमच्या ह्यांनी पोळीचा एक घास खाल्ला आणि ताट सरकवलं. दात घासताना हिरड्यांतून रक्त आलेलं मी बेसिनमध्ये पाहिलं होतं. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता आणि मी त्याच्यासाठी रोज काहीतरी शिजवत होते, जे तो खात नव्हता.

आमचे हे आंबटशौकीन. लोक हा शब्द ज्या अर्थानं वापरतात त्या अर्थानं नव्हेत, असं मी इतकी वर्षं समजून चालले आहे. त्यांची सगळी नोकरी आलापल्लीच्या सागवानात गेली. नाव लाकडाच्या डेपोचं, पण डेपोत बसणं कमी आणि कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलात, हिंडणं जास्त. तोडीची झाडं पाहायची, त्यांवर हातोड्यानं शिक्का मारायचा, पडलेले लठ्ठे मोजायचे. मी तिथल्याच शाळेत शिकवायचे. हे जंगलातून घरी आले की शर्टाच्या खिशात काही ना काही आंबट असायचंच. चिंचेचा कोवळा पाला, मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी. उन्हाळ्यात एखाद्या माडिया आदिवासींच्या पाड्यावर लाल मुंग्यांची चटणी खाऊन यायचे आणि मला तिचं असं वर्णन ऐकवायचे की मी कानांवर हात ठेवायचे. "आंबट खाणाऱ्याले डाक्टर नाई लागत," हे त्यांचं वचन. अंबाडीची भाजी शिजली की हे भाकरी घ्यायच्या आधीच वाटीभर नुसती पिऊन टाकायचे.

मग मागच्या उन्हाळ्यात पोटात आग पडायला लागली. आम्ही तोवर मुलाकडे चंद्रपूरला येऊन राहिलो होतो. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, जठरात जखम आहे, आंबट-तिखट बंद. आमच्या घरात एकाचं पथ्य म्हणजे सगळ्यांचं पथ्य. माझ्या माहेरी, चिमूरला, हीच रीत होती. वडिलांचं मीठ बंद झालं तेव्हा आईनं सगळ्या घराचं मीठ कमी केलं होतं. आजारी माणसासमोर बसून आपण चवीनं खायचं, हे आम्हाला जमत नाही. मी चिंच, लोणचं, लिंबं, टमाटर सगळं घराबाहेर काढलं. सूनबाई म्हणाली, "आई, एवढं कडक कशाला?" मी ऐकलं नाही. बेचाळीस साली चिमूरच्या माणसांनी इंग्रजाचं ऐकलं नव्हतं, सुनेचं काय घेऊन बसलात?

पोटातली आग कमी झाली, पण त्यांची भूकही गेली. वरणात लिंबू नाही, भाजीत चिंच नाही, तर ह्यांना सगळं सारखंच लागायचं. "गुरायचं आंबोण हाय हे," म्हणायचे. मला वाईट वाटायचं आणि मी भांडायचे. खरं सांगायचं तर मलाही आंबटाची आठवण यायची. दुपारी एकटी असताना कैरी नुसती मनात आली तरी तोंडाला पाणी सुटायचं आणि डोळ्यांतही यायचं. कैरीबरोबर आलापल्लीचं ते घर आठवायचं, अंगणातला सागाच्या पानांचा कचरा आठवायचा, फाटकाशी सायकल लावून खिसा चाचपत येणारे हे आठवायचे.

तर हिरड्यांतून रक्त आलं म्हणून डॉक्टरांनी व्हिटॅमिन सी लिहून दिलं होतं आणि मी त्या दुकानात उभी होते. भाऊंचं हसून झाल्यावर त्यांनी दोन्ही प्रकार काउंटरवर ठेवले. एक नारिंगी, चघळायची. "ही साधी. ह्याच्यात सीधा ॲसिड हाय, आंबट लागते. सस्ती बी हाय." दुसरी पांढरी. "ही बफरवाली. सी तेच, पण त्याच्यासंगं कॅल्शियम जोडलं हाय, म्हणून त्याचा आंबटपणा मरते. पोटाले लागत नाई. सोडियमवाली बी येते, पण बीपी असंल त नोको घेऊ."

मी ती नारिंगी गोळी हातात घेतली. कागदावर संत्र्याची फोड छापली होती. ही गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली तर काय होईल ते मला लख्ख दिसत होतं. किती महिन्यांनी तो चेहरा आंबट झाला असता. औषधच आहे ना, लोणचं थोडीच आहे, असं मनाशी म्हणूनही पाहिलं. एवढं मन कशासाठी झाल्याचं मला आठवत नाही. मग त्यांची ती उन्हाळ्यातली अवस्था आठवली, पोट धरून भिंतीला टेकून बसलेले. मी डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, जखम भरत आली आहे, उगाच छेडायला नको, बफर्डच द्या, जेवणानंतर. मी पांढरी घेतली आणि नारिंगी भाऊंच्या हातात परत दिली.

घरी आले तेव्हा हे गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. आमच्या गॅलरीतून वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, दुसरं काही दिसत नाही. पण हे तिथं असे बसतात की जणू समोर सागाची रांग आहे.

"काय आणलं वं?"

"गोळ्या. हिरड्यांसाठी. व्हिटॅमिन सी."

त्यांचे डोळे चमकले. नोकरीत आरोग्याचे कॅम्प पाहिलेला माणूस, सी म्हणजे आंबट हे त्यांना पाठ होतं. "दे बरं एक."

"जेवल्यावर. आणि ही आंबट नाई. बफरवाली हाय."

"बफर?" ते माझ्याकडे पाहतच राहिले. "गोळीतबी बफर केला का त्यायनं?"

मला जे समजलं होतं ते मी सांगितलं. आतलं ॲसिड पोटाला चावू नये म्हणून त्याला दुसरं काही जोडून ठेवतात. हे शांतपणे ऐकत होते. जंगलखात्यातल्या माणसाला एवढं पुरतं.

"म्हंजे वाघ हाय, पण दात काढलेला."

"तसंच समजा."

"आन् कोअरवाली नव्हती का दुकानात?"

"होती."

"मंग काऊन नाई आणली?"

"तुमच्या पोटाले इचारा," मी म्हणाले आणि आत निघून गेले. मागून त्यांचा आवाज आला. तो माझ्याशी नव्हता, चिमण्यांशी होता. "साऱ्या जिंदगानीभर कोअरमधी हिंडलो मी. आता बफरमधी आणून बसवलं, त गोळीबी बफरची."

स्वयंपाकघरात जाऊन मी कणीक मळायला घेतली. त्या माणसाला गोळीचं दुःख नव्हतं. मुलाचं घर चांगलं आहे, सून लाखात एक आहे, दवाखाना जवळ आहे. हे सगळं आम्ही दोघं एकमेकांना वरचेवर सांगत असतो. पण आलापल्ली सोडल्यापासून हे कुठे पूर्ण राहायला आले आहेत असं मला वाटलं नाही, आणि मीही आले नाही.

तरी गोळी त्यांनी घेतली. रोज जेवण झालं की हात पुढे करायचे, गोळी तोंडात टाकायचे आणि तोंड वाकडं करायचे. "तुझ्या शाळेतला खडू हाय हा. पोरायनं फळ्यावर लिवला आन् उरलेला मले दिला." जेवण झाल्यावरच गोळी मिळते म्हणून का होईना, पण दोन घास जास्त खाऊ लागले. पावसाळा सरता सरता हिरड्या बऱ्या झाल्या. पुन्हा नळी घातली, जठर स्वच्छ होतं. थंडी पडल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता थोडं थोडं आंबट चालेल काका. बेतानं."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला असं झालं होतं की रिक्षातच काही मिळालं तर भरवावं. "काय करू आज? अंबाडी मिळंल बाजारात. का चिंचेचं सार करू?"

"इथी नाई," हे म्हणाले. "आलापल्लीले जाऊ."

पोटाला बरं वाटू लागल्यापासून ते पहिल्यांदाच काही मागत होते. मुलगा म्हणाला, रस्ता खराब आहे, लोहखनिजाच्या ट्रकांनी चाळण केली आहे. पण एका रविवारी त्यानं गाडी काढलीच. गोंडपिपरीवरून, आष्टीचा पूल ओलांडून आम्ही निघालो. पुलावर हे खिडकीची काच खाली करून वैनगंगेकडे पाहत राहिले. पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग लागला तसे ते सरळ बसले आणि मुलाला झाडं दाखवू लागले. हे नवीन लागवडीचं, हे जुनं, ह्या बाजूला अस्वल असायचं. मुलगा खड्डे पाहत होता, तो फक्त हं हं करत होता. मी मागून ऐकत होते. हा आवाज मी किती दिवसांत ऐकला नव्हता. आमचं जुनं क्वार्टर आम्ही पाहिलं नाही. तिथं कोणी दुसरं राहत असणार आणि मला ते बघवलं नसतं.

गावात बाजार भरला होता. मुलगा गाडी सावलीत लावून चहाला गेला आणि आम्ही दोघं हळूहळू आत शिरलो. एका झाडाखाली एक माडिया बाई पळसाच्या पानांच्या द्रोणांत आवळे मांडून बसली होती. शहरातले लिंबाएवढे कलमी आवळे नव्हेत. रानातले, बारके, हिरवट, अंगावर धूळ असलेले. ते पाहताच हे थांबले. पाणी मिळतं का पाहावं म्हणून मी वळले, तेवढ्यात त्यांनी एक आवळा धोतरालाच पुसून तोंडात टाकला होता.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत उभी राहिले. आंबट खाल्लं की त्यांचं काय होतं ते माझ्याइतकं कोणाला माहीत नाही. डावा डोळा आपोआप मिटतो, खांदे कानांपर्यंत येतात आणि दातांतून 'स्स्' असा आवाज निघतो. लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणात मी ते पाहून हसले होते. मी वाट पाहत होते.

काहीच झालं नाही. ते उकडलेला बटाटा चावावा तसं चावत होते. त्यांनी बी हातावर काढली, तिच्याकडे पाहिलं आणि दुसरा आवळा तोंडात घातला. तोही तसाच संपला.

"आंबट नाई," ते त्या बाईला म्हणाले.

बाईला ते लागलं. "आंबट आहे," ती अडखळत्या मराठीत म्हणाली. "लई आंबट."

"आवळा आंबटच असंल माय," हे म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. मग माझ्याकडे वळून, "माह्या तोंडातच काई राह्यलं नाई वं."

वयानं जिभेची चव जाते, औषधांनीही जाते, हे मी कुठेतरी ऐकलं होतं. ते आमच्या घरात येऊन बसलं असेल असं कधी मनात आलं नव्हतं. इतके महिने मी त्यांचं पोट सांभाळत होते. त्या पोटाला आता सगळं चालत होतं. हातांना काहीतरी काम हवं म्हणून मी द्रोणातला एक आवळा उचलला आणि दाढेखाली धरून फोडला.

कित्येक महिन्यांचं पथ्य होतं माझंही. तो आंबटपणा दाढेतून निघाला तो थेट कानांत गेला. डोळे घट्ट मिटले, मान आखडली, दात आंबले, सगळं अंग शहारलं. मी तोंडावर हात ठेवून तशीच उभी राहिले. डोळे उघडले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि हे माझ्याकडे टक लावून पाहत होते.

"कसा हाय?" त्यांनी विचारलं.

मी नुसता हात हलवला.

त्यांनी द्रोणातून एक निवडून मोठा आवळा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "अजून एक खाय."

मी खाल्ला. मुद्दाम काही करावं लागलं नाही, चेहरा आपोआपच वेडावाकडा झाला. ती बाई तोंडाला पदर लावून हसू लागली. आणि मी पाहिलं, माझ्यासमोर उभ्या असलेल्या ह्यांचा डावा डोळा मिटत होता, खांदे हळूहळू वर चढत होते.

"हां," ते म्हणाले, "आता लागला आंबट."